मेमरिस्टर बघायला गेलो, मनोरीला पोचलो

पाचोऱ्याला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली रेडिओ कुणी आणत नाही, मिक्सर आणि पंखेच येतात. पण पाटीवर रेडिओ आहे आणि मी असेपर्यंत तोच राहणार. त्या दुकानात बसून माझी एक समजूत पक्की झाली होती, की कुठलंही सर्किट उघडा, त्यातले मूळचे भाऊ तीन: रेझिस्टर, कपॅसिटर आणि कॉइल. बाकी सगळी यांचीच सोयरीक. मुलाने लग्नासाठी मुलगी पसंत केली, तेव्हा मी तिला सहज विचारलं, काय काम करतेस? केतकी म्हणाली, "काका, मी मेमरिस्टरवर काम करते. तुमच्या त्या तिघांचा चौथा भाऊ."

मी सौजन्याने हसलो, पण त्या दिवशी जेवणात लक्ष लागलं नाही. इतकी वर्षं एका घरात जाऊन-येऊन असावं आणि त्या घरात आणखी एक मुलगा आहे हे कुणी सांगूच नये, तसं झालं. व्याह्यांचं घर बघायला मुंबईला जायचं ठरलं तेव्हा मी अट घातली: आधी चौथा भाऊ दाखवायचा, मग घर.

अंधेरी

मुलगा बोरिवलीला राहतो. मी पोचलो आणि तो कंपनीच्या कामासाठी हैदराबादला निघाला. "केतकी आहे ना," म्हणाला. आमच्या खानदेशात पाहुणा आला की आधी बसवतात, पाणी देतात, मग घरच्यांची खुशाली विचारतात. मुंबईत आधी विचारतात, "किती वाजता निघायचं?" केतकीनेही तेच विचारलं, पण हातात पोह्यांचा डबा होता, म्हणून मी रागावलो नाही.

तिची लॅब अंधेरीला, एका औद्योगिक गाळ्यांच्या इमारतीत आहे. तळमजल्यावर लग्नपत्रिकांचा छापखाना, त्याच्यावर खोके बनवणारा, आणि सगळ्यात वर, मेंदूची नक्कल करणारी माणसं. दाराशी चपला काढायला लावल्या तेव्हा देवळात आल्यासारखं वाटलं. नंतर पांढरा झगा, डोक्याला टोपी आणि पायांना पिशव्या घातल्या. काचेत पाहिलं, तर मी थेट केटरिंगवाला दिसत होतो.

मायक्रोस्कोपखाली चिप होती. आधी काही दिसेना, मग दिसलं: बारीक तारा उभ्या, त्यांच्यावर तितक्याच बारीक तारा आडव्या, खाटेची नवार विणावी तशा. जिथे दोन तारा एकमेकींवरून जातात त्या प्रत्येक ठिकाणी, दोन्हींच्या मध्ये, ऑक्साइडचा एक पातळसा थर. तो थर म्हणजेच मेमरिस्टर.

"काका, काल तुम्ही एखाद्या रेझिस्टरमधून किती करंट सोडला होता, हे आज त्याला आठवतं का?" केतकीने विचारलं.

"त्याला काय पडलंय? जळाला नसेल तर आहे तसाच असतो."

"याला आठवतं. हाच फरक."

तिने मला मीटर दाखवला. विजेचा दाब दिला की त्या थरातले कण थोडे सरकतात आणि आत एक बारीकशी वाट पडते. वाट पडली की अडथळा कमी होतो. उलटा दाब दिला की वाट बुजते आणि अडथळा वाढतो. एवढं मला समजलं. मग तिने सप्लाय पूर्ण बंद केला आणि आम्ही बाहेर जाऊन चहा घेतला. परत येऊन तिने सप्लाय चालू केला, तर आकडा जिथे सोडला होता तिथेच! वीज गेली, माणसं निघून गेली, तरी वाट आपली तशीच. मी दुसरा मीटर मागितला. तिने हसत दिला. दुसऱ्या मीटरनेही तेच सांगितलं.

मी स्टुलावर बसलो. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला होता. असा एखादा भाग असायला हवा, हे म्हणे कुणीतरी आधी नुसतं कागदावर गणित करून सांगितलं होतं, आणि वस्तू फार उशिरा सापडली. मी मात्र तेवढ्या काळात पंख्यांचे कपॅसिटर बदलत होतो.

"पण याचा मेंदूशी काय संबंध?" मी विचारलं.

"आपल्या कॉम्प्युटरमध्ये ना काका, आठवणींचं गोदाम एकीकडे आणि हिशोबाचं दुकान दुसरीकडे. सगळा वेळ आणि सगळी वीज हमाली करण्यात जाते. मेंदूत असं नाहीये. जिथे आठवण, तिथेच विचार. पेशींमधला जो जोड जास्त वापरला जातो, तो पक्का होत जातो. म्हणून तर अख्खा मेंदू एका मंद बल्बाएवढ्या विजेवर चालतो. आम्ही तेच करायला बघतोय. हा प्रत्येक मेमरिस्टर म्हणजे तसा एक जोड."

मग तिने आडव्या तारांवर दाब दिला आणि उभ्या तारांच्या टोकाशी निघणारा करंट मोजून दाखवला. प्रत्येक जोडावर दाबाला अडथळ्याप्रमाणे वाट मिळते, तो झाला गुणाकार. एका तारेत सगळे करंट एकत्र येतात, ती झाली बेरीज. कुणी हिशोब करायला बसलेलंच नाही! आयटीआयला घोकलेले ते दोन साधे नियम, ज्यांच्यावर मी पोट भरलं, तेच इथे आवाज ओळखत होते आणि चेहरे ओळखत होते. या नियमांना मी इतकी वर्षं नोकरासारखं राबवलं, याची मला त्या क्षणी लाजच वाटली.

निघताना केतकीने कपाटातून एक डबा काढला. पोळ्यांच्या डब्याएवढा, एका बाजूला माइक, वर एक दिवा, आणि सोबत मनगटाला बांधायचा पट्टा. "हा घरचा," ती म्हणाली. "सरांनी ट्रायलला न्यायची परवानगी दिलीय. आईसाठी आहे."

तिच्या आईला, म्हणजे माझ्या होणाऱ्या विहीणबाई हिराबाईंना, गेल्या काही वर्षांत ऐकू येणं कमी होत जवळपास बंद झालं आहे. कानातलं यंत्र आणलं होतं. ते वाराही मोठा करून ऐकवतं आणि फ्रीजही, म्हणून ते खणात पडलं. त्यांना बाकी कशाचं दुःख नाही. चालू टीव्हीसमोर त्या मजेत बसतात. दुःख एकाच गोष्टीचं. मनोरीला होड्या खाडीत शिरल्या की घराघरातल्या बायका इंजिनाच्या आवाजावरून आपली होडी ओळखतात आणि पाट्या घेऊन धक्क्याकडे निघतात. हिराबाई त्यांच्यात पहिल्या. चुलीपाशी बसून, फोडणीच्या आवाजातून त्यांना ऐकू यायचं. आता त्या होडी यायच्या दिवशी दुपारपासून धक्क्यावर जाऊन बसतात, ऊन असो की वारा.

"मग शेजारणीने सांगायचं. नाहीतर फोन," मी म्हणालो.

"सुमनमावशी सांगते ना. दारातून हात हलवून सांगते, तुझी आयली गो. आईला तेच नकोय. तिला स्वतःला कळायला पाहिजे."

डब्याला केतकीने वडिलांच्या होडीचा आवाज शिकवला होता. तो आवाज आला की दिवा लागतो आणि पट्टा थरथरतो. इतर होड्यांना तो गप्प राहतो. दुसऱ्या दिवशी होडी परतायची होती, आणि हिराबाई पहिल्यांदाच धक्क्यावर न जाता घरात थांबायला तयार झाल्या होत्या. त्यांची अट होती: एकदाच बघीन. चुकला, तर परत माझ्यापुढे आणायचा नाही.

मार्वेहून मनोरी

लॅबमधून मी आणि केतकी तसेच मार्वेला गेलो. तिथल्या जेट्टीवरून फेरीबोट मिळते. पलीकडचा काठ समोर दिसतो, पाच-दहा मिनिटांचा मामला, पण आमची गिरणा नदी वर्षातले निम्मे महिने वाळू दाखवते. मला एवढं पाणी सवयीचं नाही. मी कठड्याला धरून उभा राहिलो. माझ्या शेजारी एक बाई स्कूटरला टेकून फोनवर कुणाला तरी डाळ शिजत घालायला सांगत होती. तिने एकदाही पाण्याकडे पाहिलं नाही. डाव्या हाताला खाडी उघडत जात समुद्र होत होता आणि वर उन्हाने सगळं पाणी हलत्या पत्र्यासारखं चमकत होतं. मी पिशवी सांभाळायची विसरलो. तिच्यातली वांगी, खास भरताची म्हणून घरून आणलेली, गडगडत स्कूटरखाली गेली. त्या बाईने फोन न सोडता ती सगळी गोळा करून दिली.

मनोरीत आधी वास येतो. बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत टाकलेले, ओळीच्या ओळी. आमच्याकडे मिरच्या वाळतात तेव्हा असंच अख्ख्या गावाला कळतं.

हिराबाई दारात उभ्या होत्या. उंच, सावळ्या, केसांत अबोलीचा गजरा. त्या समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेतात, त्यामुळे त्यांच्यापुढे माणूस आपोआप नीट बोलतो. "बसा नं. दमलाव असाल," म्हणाल्या. व्याही, हरेश्वरराव, समुद्रावर होते. जेवायला तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. मी मटण खाणारा माणूस, काट्यांना भितो. पण बोंबील जिभेवर ठेवला आणि काट्यासकट विरघळला. मी आणलेली तिखट शेव हिराबाईंनी चाखली, विचार केला, आणि सरळ त्याच कालवणावर भुरभुरली. खाऊन बघितलं. असं लागलं, की पाचोऱ्यात सांगायची सोय नाही.

उन्हं उतरली तशी सगळी आळी व्याही बघायला अंगणात आली. आमच्याकडेही येतात, पण ओट्यावर बसून लांबून बघतात. इथे बायका थेट समोर बसतात आणि मुलाचा पगार विचारतात. मी बघून झालो, तशी डब्याची फर्माईश झाली. घरात अभिमानाची वस्तू असली की पाहुण्यांपुढे आणायची, ही रीत मात्र दोन्हीकडे एकच. केतकीने फोनवर होडीचं रेकॉर्डिंग लावलं: दिवा लागला, पट्टा थरथरला. दुसरी होडी लावली: गप्प. अंगणात टाळ्या पडल्या.

"परत लाव नं गो," सुमनबाई म्हणाल्या. त्याच त्या हात हलवून सांगणाऱ्या शेजारीण.

परत लावलं. मग केतकी भाकऱ्या थापायला आत गेली आणि फोन, डबा दोन्ही माझ्या ताब्यात आले. रेडिओवाले पाहुणे म्हटल्यावर दुसरा कोण? मागे बसलेल्यांना दिवा नीट दिसत नव्हता, फोनचा आवाज पोचत नव्हता. डब्याच्या बाजूला एक बारीक नॉब होता आणि त्यावर टेप चिकटवलेली. आता टेप लावलेला नॉब दिसला की माझ्यासारख्याची बोटं शिवशिवतात. आवाज कमी पडतोय, तर वाढवायचा. माझं दुकानच त्यावर चाललं. मी टेप काढली आणि नॉब पूर्ण फिरवला. दिवा झकास लागला. अंगण खूश, मी खूश. प्रत्येकीने एकेकदा बघितलं, काहींनी दोनदा.

मनोरी, सकाळ

सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि डब्याचा दिवा लागला. मग फेरीबोटीचा भोंगा वाजला, दिवा लागला. कुणाची तरी मोटारसायकल गेली, दिवा लागला.

केतकीने डबा मांडीवर घेतला. नॉबकडे पाहिलं, तो मागे फिरवला, मग माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काका, वाचायला दाब थोडासाच द्यायचा असतो," ती हळू म्हणाली. "जास्त दिला की ते वाचणं राहत नाही, लिहिणं होतं. विचारता विचारताच आतल्या वाटा बदलतात. काल जेवढ्या वेळा विचारलं ना, तेवढ्या वेळा थोडं थोडं पुसलं गेलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर ज्या भागांशी खेळलो ते सगळे मुके होते. कितीही वेळा तपासा, त्यांना काही होत नसे. हा पहिलाच असा भेटला, की त्याला आपण कसं विचारतो हेही लागतं. आणि नेमका त्याच्याशी मी असा वागलो होतो.

होडी दुपारच्या भरतीला येणार होती. केतकी म्हणाली, एक उपाय आहे. ती माडीवरून खाडीकडे बघत उभी राहील, होडी दिसली की फोनवरून पट्टा आपणच थरथरवेल. आईला काही कळणार नाही. क्षणभर मलाही ते पटलं. पण मग तो सुमनबाईंचाच हात झाला, फक्त लपलेला. केतकीलाही ते बोलता बोलताच कळलं असावं, कारण वाक्य तिने अर्ध्यावर सोडलं.

"मी सांगतो," मी म्हणालो. "उद्योग माझा आहे."

हिराबाई मासळी धुवत होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि त्यांना ओठ दिसतील असं, एकेक शब्द सांगितला: काल मी याला फार जोरात ऐकवलं, त्यामुळे हा सगळं विसरला, चूक केतकीची नाही.

"वाट लावलीव म्हना!" त्या म्हणाल्या, आणि मग एकदम हसल्या. हसणं थांबल्यावर त्यांनी डबा जवळ ओढला आणि ओल्या हाताने त्याच्यावरून बोट फिरवलं. "बर्फ फोराची मशीन असते नं बाजारात, तिचे बाजूला मी उभी रायले. वरसानुवरसं. माजा कान पन असाच गेला. फार जोरानं आयकवला त्याला." मग केतकीकडे वळून म्हणाल्या, "कानाला परत शिकवता येत नाय. याला येता नं?"

"येतं," केतकी म्हणाली. "पण फोनवरच्या रेकॉर्डिंगवर आता भागणार नाही, होडी समोर पाहिजे."

"मंग धक्क्यावर चला."

एकदाच बघीन म्हणणारी बाई ती हीच का, असं मी बघत राहिलो. त्यांनी हातही पुसले नव्हते.

धक्का

डब्याला शिकवायची दोन बटणं आहेत. दिवा बरोबर लागायला हवा तेव्हा हिरवं दाबायचं, चुकून लागला तर लाल. हिराबाई धक्क्याच्या टोकाला डबा मांडीवर घेऊन बसल्या, केतकी शेजारी, आणि मी कुणाच्या वाटेत येणार नाही असा मागे.

भरती चढायला लागली. पहिली होडी खाडीत शिरली; दिवा लागला; हिराबाईंनी ती कुणाची हे लांबूनच ओळखलं आणि लाल दाबलं. दुसरी आली, लाल. प्रत्येक वेळी त्या चिपमध्ये कुठेतरी एक वाट जराशी बुजत होती, हे मला ठाऊक होतं, आणि तरी समोर पाहिलं तर नुसती एक बाई ऊन खात बसलेली. मग नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पिवळा पट्टा असलेली होडी दिसली आणि हिराबाई सरळ बसल्या. हिरवं.

होडी धक्क्याजवळ आली. सुकाणूवर हरेश्वरराव उभे होते, मिठाने पांढरे पडलेले हात. व्याह्यांची आमची ही पहिली भेट. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते बायकोकडे बघत होते. हिराबाईंनी हात वर केला आणि गोल फिरवला: मागे जा, परत ये.

समुद्रावरून आलेला, झोपेला आलेला माणूस. मला वाटलं, आता शिव्या येणार. त्यांनी सरळ होडी वळवली आणि पार खाडीच्या तोंडाशी नेली. खलाशी ओरडले. धक्क्यावर मासळी घ्यायला उभे असलेले व्यापारी ओरडले, "ओ, माल सडेल!" लांबून हरेश्वररावांचा आवाज आला, "बर्फ हाय! मास्तरीन शिकवते, थांबा!"

होडी आली, गेली, परत आली. किती वेळा, ते मी मोजलं नाही. आधी दिवा कसाही लागायचा, मग चुकतमाकत, मग एकदा पिवळा पट्टा वळणावर दिसायच्या आत तो लागला आणि हिराबाईंच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. त्यांनी मनगट कानाशी नेलं, जुन्या सवयीने. मग हसून खाली घेतलं. पाठोपाठ सुमनबाईंच्या घरची होडी आली. डबा गप्प राहिला. केतकीने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "काका, नॉबवर आता फेविक्विक लावते." मी म्हणालो, लाव.

मी निघायच्या दिवशी होडी जवळच जाळी काढायला गेली होती. केतकी सकाळीच अंधेरीला कामावर गेली होती. डबा माडीवर, खाडीकडच्या खिडकीत; मी आणि हिराबाई मागच्या अंगणात. त्या खाडीकडे पाठ करून मासळी साफ करत होत्या, मी पिशवी भरत होतो. माझे कान अजून चांगले आहेत. दुकानात नुसत्या गुणगुणण्यावरून मी ट्रान्सफॉर्मर बिघडलाय की नाही ते सांगतो. त्या वेळी मला ऐकू येत होते कावळे, माडांतला वारा आणि कुणाचा तरी कुकर.

हिराबाईंचा हात थांबला. त्यांनी मनगटाकडे पाहिलं. कोयती ठेवली, हात पदराला पुसले, पाटी उचलली.

"आयली," त्या म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्यांना नवल वाटलं. "तुमाला नाय आयकला?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्या पुढे निघाल्याही होत्या. सुमनबाईंच्या दारावरून जाताना त्यांनी आत बघत खणखणीत हाक दिली, "आमची आयली गो!"

मी मागून धावत सुटलो. धक्क्यावर पोचलो, तेव्हा कुठे मला पहिली धकधक ऐकू आली.